स्लॅबच्या दिवशी सुजाताचं लग्न

मंडळी, मागं दारात उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. इतकी माणसं येतील असं आमाले वाटलं नव्हतं. मेश्राम साहेब असते तं पहिले विचारलं असतं, एवढ्या लोकांले आज सुट्टी कोणी देली?

मले बोलता येत नाही. मी पांडुरंग भोयर, मिस्त्री माणूस. हातात थापी असली की जीभ चालते. माईक हातात आला तं हात बी बंद अन् जीभ बी बंद. सकाळपासून तीनदा नाही म्हटलं. पण माह्याआधी जे मोठे पाहुणे बोलले, ते म्हणाले की कालकथित सुखदेवराव मेश्राम हे अत्यंत कुटुंबवत्सल गृहस्थ होते. तेव्हा वहिनींनी पदर तोंडाले लावला. तुमाले वाटलं, बाईले भरून आलं. मंडळी, मी समोरच बसलो होतो. त्या हसून राहिल्या होत्या.

त्यांनी पाहिलं की मी पाहिलं. अन् मानेनंच खुणावलं, उठा म्हणून. म्हणजे आता मी जे सांगतो ते वहिनींच्या परवानगीनं सांगतो. कोणाले राग आला तं त्यांच्याकडं जा.

कुटुंबवत्सल! ऐका तं मंग.

साहेब ठेकेदाराकडं इंजिनिअर होते अन् मी त्यांचा मिस्त्री. सतरा वर्षं. या सतरा वर्षांत माह्या बायकोनं मले जितकं पाहिलं नसेल तितकं मी साहेबांले पाहिलं. घर इथं, याच वस्तीत, अन् साहेब सदा साइटवर. सुजाता झाली तेव्हा घरी पोचले चौथ्या दिवशी. हे वहिनींनीच सांगतलेलं आहे. पोरीले हातात घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं अन् म्हणाले, "अठ्ठावीस दिवस नीट सांभाळा, मंग खरी ताकद समजते." काँक्रीटले पुरी ताकद याले अठ्ठावीस दिवस लागते ना, तोच हिशेब पोरीले लावला! एकदा वहिनी रागावून माहेरी गेल्या. मी म्हटलं, साहेब, आणाले जा. तं साहेब काय म्हणाले? "भोयर, ताजं काम आहे, आताच हलवू नका."

पण माणूस वाईट नव्हता. वाईट असता तं आज मी इथं कायले उभा राहिलो असतो? माणूस कामात बुडालेला होता. अन् आमचं कामच तसं आहे, मंडळी. ज्यांले बांधकाम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅब म्हणजे भिंत नव्हे, की आज अर्धी केली, उद्या अर्धी. एकदा ओताले सुरुवात झाली की शेवटच्या कोपऱ्यापर्यंत थांबता येत नाही. मधात थांबलं तं तिथं सांधा राहते, अन् त्या सांध्यातून छत जन्मभर गळते. म्हणून स्लॅबच्या दिवशी कोणी घरी जात नाही. घरी कोणी आजारी असो, पाहुणे येवो, चोर येवो. आमच्या धंद्यात हा नियम आहे, अन् आमाले त्याचा मोठा अभिमान होता.

त्यातून तेव्हा सिमेंट सरकारी परमिटवर. आपल्या मर्जीनं थोडंच मिळे? ट्रक आला की स्लॅब. मंग तो सोमवार असो का दिवाळी.

आता दुसरी गोष्ट सांगतो. आमा कुणब्यांत लग्नाले मुहूर्त लागते. त्याचा एक फायदा आहे, पंचांगापुढं इंजिनिअरचं काही चालत नाही. साहेबांच्या घरी मुहूर्त नाही. धम्म घेतला तेव्हाच त्यांच्या वडिलांनी ते सारं सोडून देलं. सारे दिवस सारखे, सारे दिवस चांगले. चांगलीच गोष्ट आहे. पण साहेबांनी त्याचा अर्थ असा घेतला की लग्न कुठंबी सरकवता येते.

सुजाताचं लग्न जुळलं कळमेश्वरच्या गजभिये गुरुजींच्या मुलाशी. जावईबापू समोर बसले आहेत, विचारा त्यांले. पहिली तारीख ठरली अन् सिमेंटचा ट्रक आला. तारीख सरकली. दुसरी ठरली तं मिक्सरचा पट्टा तुटला अन् पुढं गेलेला स्लॅब नेमका त्याच दिवसावर येऊन बसला. तारीख पुन्हा सरकली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आपण मुहूर्त सोडले ते काय तुमच्या सिमेंटच्या ट्रकासाठी?"

अन् पत्रिका? पत्रिका तं पहिल्याच तारखेच्या छापून आल्या होत्या. साहेब म्हणाले, चांगला कागद आहे, फेकाचा काहून? नकाशात बदल झाला की आमच्याकडं जुना आकडा लाल पेन्सिलीनं खोडते, बाजूले नवा लिहिते, अन् खाली सही करते. साहेबांनी साऱ्या पत्रिका तशाच केल्या. तारीख खोडली, नवी लिहिली, खाली 'सुधारित' अन् सही. दुसऱ्या वेळी 'पुन्हा सुधारित' अन् सही. गजभिये गुरुजी शाळामास्तर. त्यांनी ती पत्रिका चष्मा लावून पाहिली अन् वहिनींले म्हणाले, "बाई, हे पोरीच्या लग्नाची पत्रिका आहे का नापास पोराचा पेपर?"

हसा, हसा. पण गुरुजी हसले नव्हते. ते म्हणाले, आता तिसरी तारीख. मे महिन्यातला शेवटचा रविवार, संध्याकाळी पाच वाजता, इथंच तुमच्या दारात. यावर एक लाल रेघ जरी दिसली तं आमचा तुमचा जयभीम. सोयरीक मोडली म्हणून समजा.

अन् काय झालं असेल? सांगा बरं!

हौ. शुक्रवारी सिमेंट आलं.

कोराडीच्या कामातल्या शेवटच्या इमारतीचा स्लॅब होता, सगळ्यात मोठा. पुढं पावसाळा. साहेब म्हणाले, रविवारी सकाळी सहाले सुरू करू, दुपारी दोनपर्यंत उरकून टाकू, पाचले लग्न. आमाले सगळ्याइले माहीत होतं, तेवढा स्लॅब सूर्य मावळल्याशिवाय उरकत नाही. साहेबांले माहीत नव्हतं का? होतं. पण स्वतःशी खोटं बोलाची बी एक सवय असते माणसाले.

तुमी म्हणाल, साहेबांनी स्लॅब मिस्त्रीवर सोपवून निघून जाचं. साधी गोष्ट आहे. साधी गोष्टच तं अडली होती ना बापा! दिवाळीपासून साहेब अन् मी एकमेकांशी बोलत नव्हतो.

चूक माही होती. आज सांगून टाकतो. काँक्रीटमध्ये पाणी जास्त टाकलं की ते पातळ होते, भराभर पसरते, माणसाचे हात कमी दुखते. पण कमजोर होते. साहेबांनी पाण्यासाठी वनस्पती तुपाचा एक डबा ठरवून देला होता, त्याच्यावर लाल रंगाची रेघ. रेघेवर एक थेंब नाही पाहिजे. दिवाळीच्या आधी एक दिवस साहेब जरा बाजूले गेले अन् मी दोन डबे जास्तीचे ओतवले. साहेबांनी येऊन नुसतं पाहिलं, अन् तो सारा माल साऱ्या मजुरांसमोर फेकून देला. म्हणाले, "मिस्त्री झाला, पण पाण्याची अक्कल आली नाही."

साऱ्यांसमोर! वीस वर्षं थापी धरलेल्या माणसाले! मी बोलणं बंद केलं. साहेबांनी बी केलं. तेव्हापासून बशीरभाई आमच्या मधात. ते तिकडं खांबाजवळ बसले आहेत. तेव्हा मिक्सर चालवत. साहेब अन् मी तीन हातांवर उभे, अन् साहेब म्हणे, "बशीर, मिस्त्रीले सांग, सळई वाकडी आहे." मी म्हणे, "बशीरभाई, साहेबांले सांगा, मले दिसून राहिलं." एकदा साहेब तावातावानं बरंच काहीतरी बोलले. मी विचारलं, काय म्हणते? तं बशीरभाई म्हणे, "कुछ नहीं मिस्त्री, आपकी तारीफ कर रहे थे, थोडी कम." सात महिने या माणसानं मिक्सर बी चालवला अन् आमाले बी चालवलं.

तं असं होतं. पोरीच्या लग्नाले जाचं तं स्लॅब माह्या हाती सोपवा लागते. अन् माह्यावर साहेबांचा भरोसा नव्हता. का म्हणून असावा?

रविवारी सहाले सुरुवात झाली. मिक्सर सुरू, माल हलवून बसवाचा व्हायब्रेटर सुरू. ऊन असं की गिट्टीले हात लावला तं चटका बसे. माल मिक्सरमधून निघत नाही तं सुकाले लागे. मजूर माह्याकडं पाहत, मिस्त्री, थोडं पाणी? साहेब डब्याजवळ उभे. दोन वाजले, अर्धा बी झाला नाही. साहेब घड्याळ पाहत अन् खिशातली लाल पेन्सिल चाचपत. अडीच वाजले. साहेबांच्या तोंडावरचा रंग उडून राहिला होता, पण पाय तिथून हलत नव्हता.

तेवढ्यात बसमधून वहिनी उतरल्या. नवंकोरं लुगडं, केसांत गजरा, हाताले हळद नाही पण मांडवाच्या कामाचा चुना लागलेला. लेकीच्या लग्नाची आई, अडीच तासांवर लग्न, अन् ती कोराडीच्या साइटवर! आल्या त्या सरळ मिक्सरजवळ गेल्या. साहेबांच्या हातातून तो डबा घेतला. एक फळी ओढली अन् त्याच्यावर बसल्या.

"रेघ इथपर्यंत ना?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "अवं, काय करून राहिली तू?"

"पाणी मोजून राहिली. मांडवात आईबापांतलं एक पाहिजे अन् इथं बी एक पाहिजे. सुजाता म्हणे, बाबा पाहिजे. मंग तुमी जा. मी बसते."

साहेब म्हणाले, "लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणतील, बाईले पाणी मोजता येते."

डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बायांची मुकादम होती नर्मदाबाई. ती तिथंच थांबली. मागच्या सतरा-अठरा बाया थांबल्या. डोक्यावर माल, खाली बी ठेवत नाही, पुढं बी नेत नाही. नर्मदाबाई म्हणाली, "साहेब, पोरीच्या मायनं इथं बसाचं अन् आमी तिच्यासमोर माल वाहाचा? नाही जमत. दोघंबी लग्नाले जा, नाही तं हे घमेलं असंच राहीन."

मंडळी, तुमाले कळून राहिलं का काय होऊन राहिलं होतं? ऊन रखरखत होतं अन् माल सुकून राहिला होता. अजून पाव तास गेला असता तं सांधा पडला असता. सारे माह्याकडं पाहून राहिले. सात महिन्यांचा मान आडवा आला. मले वाटे, मी पहिले काहून बोलू? अपमान तं माहा झाला होता. खरं सांगतो, पोरीचं लग्न मोडून राहिलं होतं अन् मी हे मोजत होतो.

मंग वहिनींनी माह्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मले माहीच लाज वाटली.

मी म्हटलं, "साहेब, तुमी दोघंबी जा. पाणी रेघेच्या वर गेलं तं उद्या मले याच स्लॅबवरून ढकलून देजा."

साहेबांनी मले वरून खाली पाहिलं. मंग मान वळवली अन् म्हणाले, "बशीर, मिस्त्रीले सांग..."

बशीरभाई म्हणाले, "साहेब, मेरे को मशीन चलानी है. अब खुद बोलो."

काय हिंमत! साहेबांनी मंग मले सांगतलं, सरळ, तोंडावर. काय सांगतलं असेल? माफ करा? धन्यवाद? छे! म्हणाले, "कोपऱ्यात व्हायब्रेटर जास्त वेळ धरू नका." अन् वहिनींच्या हातातला डबा घेऊन माह्या हाती देला. रेती उतरवून रिकामा झालेला ट्रक उभा होता. लेकीचे आईबाप त्याच्यात बसून लग्नाले गेले.

लग्नात काय झालं ते मी पाहिलं नाही, सुजातानं सांगतलं. साहेब पोचले, पायात गमबूट, भुवयांवर सिमेंट. फोटोत बी तसेच आहेत. गाथा सुरू झाली, लोकं फुलं टाकून राहिले, अन् साहेब लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांच्या कानात म्हणाले, "अजून किती राहिलं?" ते म्हणाले, झालंच. गजभिये गुरुजी म्हणाले, "व्याही, एवढी घाई कायची?" साहेब म्हणाले, "घाई नाही, गुरुजी. पण ऊन लई आहे, सेट होऊन जाईन."

जावईबापू, झालात ना सेट? बरं.

इकडं मी प्रत्येक डबा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होतो. मजुरांनी मनातल्या मनात शिव्या देल्या असतील. माह्या आयुष्यात मी इतका इमानदार एका दिवसात कधी झालो नाही. सूर्य टेकला तेव्हा शेवटचा कोपरा भरला. हातपाय धुऊन बसलो, अन् एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. साहेब येतील अन् विचारतील, पाणी किती टाकलं? उत्तर बी तयार ठेवलं होतं, जरा टोचणारं.

साहेब आले. संग नवरानवरी, गुरुजी, वहिनी, अन् एक मेटॅडोरभर जेवण. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. स्लॅबच्या दिवशी मजुरांले जेवू घालाची पद्धत असते ना, साहेबांनी लग्नाचं जेवणच घालून टाकलं. नवरीनं नर्मदाबाईले वाढलं. गुरुजी सिमेंटच्या पोत्यावर बसून जेवले. साहेब माह्याजवळ आले. डब्याकडं पाहिलं नाही. स्लॅबकडं पाहिलं नाही.

"मिस्त्री, जेवले का?"

बस. एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही. तं माह्या पानावर आपल्या हातानं बुंदी वाढली अन् बाजूले बसले. मंडळी, मी त्या दिवशी रडलो. बशीरभाईले सांगतलं, मिरची लागली. बुंदी खाता खाता!

तुमाले वाटेल, त्या दिवसापासून साहेब सुधारले, वेळेवर घरी जाऊ लागले. काही नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. फक्त आता आमी दोघं इतकं बोलू लागलो की बशीरभाई म्हणे, पहलेच अच्छे थे.

आता शेवटचं सांगतो. हे वहिनींले बी पुरं माहीत नाही.

चार वर्षांमागं हुडकेश्वरकडं एका सोसायटीचं काम होतं. साहेब तोवर मोठे झाले होते, साइटवर कधीमधी येत. माही बायको लीला दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले होते, आता सोबत राहा. त्या दिवशी स्लॅब होता. मी कोणाले सांगतलं नाही अन् कामावर आलो. काहून आलो? नियम म्हणून आलो असं मी लोकांले सांगतो. खरं असं आहे की मले तिच्याजवळ बसाची भीती वाटत होती. साइटवर हाताले काम असते.

बशीरभाईनं कुठून तरी साहेबांले कळवलं. अकरा वाजता साहेब आले, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. सरळ वर चढले अन् माह्या हातातला पाटा धरला. पाटा म्हणजे ज्यानं ओला माल ओढून सपाट करते, तो. ते मिस्त्रीचं काम आहे. इंजिनिअर त्याले हात लावत नाही.

मी म्हटलं, "साहेब, तुमाले हे येत नाही."

"नाही येत. तुमी जा."

"साहेब, स्लॅब बिघडन."

"बिघडू द्या. स्लॅब दुसरा होते, भोयर. जा."

ज्या माणसानं पोरीच्या लग्नाच्या तारखा स्लॅबसाठी खोडल्या, तो माणूस हे बोलला. मी गेलो. लीला जागी होती. मले पाहून म्हणाली, "आज तं स्लॅब होता ना? काहून आले?" मी म्हटलं, साहेब करून राहिले. तिनं विचारलं, "साहेबांले जमते का जी?" मी म्हटलं, अजिबात नाही. ती हसली. मी बी हसलो. खूप दिवसांनी आमी दोघं हसलो. चार वाजता ती गेली. माहा हात तिच्या हातात होता.

साहेबांनी ओढलेल्या त्या गच्चीवर तीन ठिकाणी पाणी साचते, मंडळी. ढाळच नाही, सारी उंचसखल. दर पावसाळ्यात सोसायटीचे लोकं येते, भोयरजी, दुरुस्त करून द्या. मी नाही म्हणतो. मी अख्ख्या नागपुरातल्या गच्च्या सरळ केल्या, पण त्या गच्चीले हात लावणार नाही. पाऊस झाला की मी तिथं जातो, त्या साचलेल्या पाण्याजवळ जरा वेळ उभा राहतो, अन् घरी येतो.

वहिनी, सुजाता, मले एवढंच सांगाचं होतं. साहेबांनी तुमाले वेळ देला नाही, ही गोष्ट खरी आहे. ती मी कशी खोटी करू? पण तुमच्यापासून घेतलेल्या वेळातला एक दिवस त्यांनी मले देला. तो उपकार मी साहेबांचा नाही, तुमचा मानतो. तो दिवस तुमच्या घरचा होता.

आता सारे उभे राहा. ज्याले उभं राहणं होत नाही त्यानं बसूनच हात जोडा. साहेबांसाठी जरा वेळ कोणी काही बोलू नका. मोजू बी नका किती वेळ झाला ते.

मी जन्मभर रामराम म्हणणारा माणूस. आज साहेबांले त्यांच्या शब्दात निरोप देतो.

जयभीम, साहेब.